'अलाऊ' म्हणजे नेमकं काय? फोनवर बटण दाबण्याआधी मराठीत वाचा

'मोबाईल अलाऊड नाही', 'चपला अलाऊड नाहीत'. हा शब्द आता इतका रुळलाय की तो इंग्रजी आहे हेही जाणवत नाही. तरी फोनवर 'अलाऊ' असं बटण आलं की न वाचताच बोट तिथे जातं. 'अलाऊड नाही' सगळ्यांना कळतं; 'अलाऊ' कोण कोणाला करतंय, हे मात्र बघितलं जात नाही.

'अलाऊ' म्हणजे परवानगी देणे. पण त्याची मराठीतली खरी जोडी आहे जाऊ देणे, बघू देणे, घेऊ देणे. 'बाबांनी मला जाऊ दिलं' हे इंग्रजीत होतं 'माय फादर अलाऊड मी टू गो'. 'लेट'चाही अर्थ हाच, पण त्यात 'टू' येत नाही: 'लेट मी गो'. बहुतेकांची चूक इथेच होते. आणि बँकेचा 'प्लीज अलाऊ 7 वर्किंग डेज' असा मेसेज आला, तर बँक परवानगी मागत नसते. कामाचे 7 दिवस लागतील असं धरा, एवढंच ती सांगते.

आता फोनकडे या. टेंभुर्णी जालना जिल्ह्यात जाफ्राबाद तालुक्यात आहे, तशी सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातही आहे. हवामानाच्या ॲपला तुमची टेंभुर्णी कोणती हे कळायला लोकेशन लागतं. तिथे 'अलाऊ' ठीक. त्यातही 'ॲप वापरताना'पुरतंच द्या.

पण समजा, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल आली. 2,000 रुपयांच्या हप्त्याची वाट बघणारा माणूस ती उघडणारच. अशा फसवणुकीत लग्नपत्रिका आणि वाहनाच्या चलानची नावंही वापरली जातात. इथे फोन एकदा नाही, निदान दोनदा विचारतो. आधी, बाहेरून आलेलं ॲप इन्स्टॉल होऊ द्यायचं का? मग, या ॲपला तुमचे एसएमएस बघू आणि पाठवू द्यायचे का?

दुसरा प्रश्न पुन्हा वाचा. बँकेचा ओटीपी सहसा एसएमएसवर येतो. तो बघू दिला की समोरच्याला तुम्हाला फोन करून विचारायचीही गरज उरत नाही. मराठी फोनवर याला 'अनुमती द्या' म्हणतात, शब्द बरोबर पण सरकारी अर्जासारखा. 'माझे मेसेज याला बघू देऊ का?' असं मनात म्हटलं तर बोट थांबतं.

दिलेली परवानगी काढूनही घेता येते. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ते ॲप, मग परमिशन्स, आणि 'डोन्ट अलाऊ'. संशयास्पद एपीके आधीच इन्स्टॉल झाली असेल तर एवढ्यावर थांबू नका. फोनचं इंटरनेट बंद करा, ॲप काढून टाका, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.