धुरळा खाली बसल्यानंतर

३ मे २०२४ रोजी सकाळी रायगड जिल्ह्यातील महाड येथे एक खासगी हेलिकॉप्टर उतरता उतरता कलंडले. लोकसभा निवडणुकीच्या प्रचारासाठी शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) नेत्या सुषमा अंधारे यांना नेण्यास ते आले होते. त्या अद्याप आत बसलेल्या नव्हत्या आणि प्राणहानीही झाली नाही. रायगडचे मतदान अवघ्या चार दिवसांवर आले होते. अशा प्रसंगाचा निकाल आपल्याकडे बहुधा ‘दैव बलवत्तर’ या दोन शब्दांत लागतो.

परंतु दैव नेहमीच बलवत्तर असते असे नाही. १० मार्च २०१८ रोजी याच जिल्ह्यात, मुरूडजवळ नांदगावच्या किनाऱ्यावर, तटरक्षक दलाचे चेतक हेलिकॉप्टर आणीबाणीत उतरताना कोसळले. त्यात जखमी झालेल्या सहवैमानिक महिला अधिकाऱ्याचा पुढे मृत्यू झाला. दोन्ही घटनांची कारणे एकच होती असे नव्हे. पण उतरण्याचे शेवटचे काही क्षण किती नाजूक असतात, हे दोन्हींवरून दिसते.

उघड्या मैदानात तर हा नाजूकपणा अधिकच वाढतो. मे महिन्यात कोकणातील जमीन कोरडी ठाक असते. पंख्याच्या झोताने उडालेल्या धुळीत वैमानिकाला क्षणभर जमीनच दिसेनाशी होऊ शकते. उतरताना एका बाजूचा आधार आधी टेकून अडकला, तर यंत्र त्याच्याभोवती कलंडू शकते. यावरचे उपाय काही दिव्य नाहीत. मैदानावर पुरेसे पाणी मारावे, वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी उभारावी, बघ्यांना दूर ठेवावे, अग्निशामक बंब व रुग्णवाहिका सज्ज असावी.

मग हे काटेकोरपणे का होत नाही? सुरक्षिततेवरील खर्चाचे दुर्दैव असे की, तो सार्थकी लागला तर कोणालाच दिसत नाही. न घडलेल्या अपघाताचे उद्घाटन करता येत नाही. शिवाय प्रवासाचा लाभ एकाला आणि धोक्याचा वाटा मात्र मैदानाच्या कडेला जमलेल्या पोरासोरांनाही, अशी ही विषम वाटणी आहे. ज्याला किंमत मोजावी लागत नाही, तो काटकसर नेमकी तेथेच करतो.

महाडकरांना हा हिशेब नवा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या पुरात गडप झाल्या. नवा पूल मात्र जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. म्हणजे पैसाही होता, कौशल्यही होते. माणसे जाण्यापूर्वी ते वापरण्याची निकड तेवढी नव्हती.

याच रायगडात, पनवेल तालुक्यात, नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. तेथील प्रवाशाला मिळणारे संरक्षण जसेच्या तसे महाडच्या मैदानात आणता येणार नाही, हे उघड आहे. तथापि तात्पुरत्या तळाला परवानगी देताना वरील चार गोष्टींची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि त्यांचा खर्च हेलिकॉप्टर बोलावणाऱ्याकडून आगाऊ घेणे अशक्य नाही. विमान अपघात अन्वेषण ब्युरोच्या चौकशीचा हेतू दोषारोप नसून पुढील अपघात टाळणे हा असतो. तिचे निष्कर्ष मराठीत तहसील कचेरीपर्यंत पोहोचले, तरच तो हेतू साधेल. जीवितहानीविना मिळालेला धडा हा सर्वांत स्वस्त धडा होय. तो वाया घालविण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.