माडीवरचं पाणी

माझा थोरला भाऊ २०२२ च्या पावसाळ्यात गेला. वहिनींनी नागपूरला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. कोथरूडच्या फ्लॅटची आवराआवर झाली. कपाटं, पलंग, पुस्तकं ज्यानं त्यानं नेली. राहिली ती पाच फूट लांबीची काचेची टाकी आणि तिच्यातले दोन ऑस्कर मासे. वीतभर लांबीचे, काळ्यावर नारिंगी नक्षी असलेले. माणूस खोलीत आला की काचेशी येऊन बघत राहायचे.

"भावजी, तुम्ही न्याल का? ह्यांच्या हातून खायचे ते," वहिनी म्हणाल्या.

चौतीस वर्षं बँकेत मी लोकांना सभ्य भाषेत 'नाही' म्हणत आलो. वहिनींना म्हणता आलं नाही. शिवाय त्या माशांचं मूळ आमच्या लहानपणात होतं. १९५१ साली सुरू झालेलं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय शाळेच्या सहलीत बघून आल्यावर भावानं आईची लोणच्याची बरणी पळवली होती आणि तिच्यात गप्पी मासे ठेवले होते. बरणीला मोहरीचा वास होता. मासे दोन दिवसांत गेले आणि मार आम्हां दोघांना पडला.

आता टाकी ठेवायची कुठे? आमचं घर नारायण पेठेत. वाडा म्हणायचं ते सवयीनं. मागचा चौक कधीच गेला, पुढचं दुमजली घर तेवढं उरलंय. विटांच्या भिंती, सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट. वर माडीवर आम्ही, खाली काकूंचं बिऱ्हाड. काकू १९५९ साली लग्न होऊन या खोल्यांत आल्या, त्या अजून तिथंच आहेत. म्हणजे टाकी ठेवायची तर काकूंच्या डोक्यावर.

कादंबरी लिहिणाऱ्याला हिशेब येत नाही असा समज आहे. मी कागद घेऊन बसलो. टाकी पाच बाय दोन बाय दोन, म्हणजे वीस घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावतं, आणि लिटरचा होतो एक किलो. पाणीच झालं ५६६ किलो. बारा मिलिमीटरच्या काचेचे शंभरावर, खडी-दगडांचे पंचाहत्तर, लोखंडी घोडीचे साठ. बेरीज आठशे किलो, आणि तीही दहा चौरस फुटांत. म्हणजे चौरस फुटाला ऐंशी किलो. राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला दोनशे किलोंचा वापर धरून करतात, म्हणजे फुटाला अठरा-एकोणीस. चौपटीहून जास्त!

एका माहीतगारानं घोडी न बघता सांगितलं, "काही होत नाही साहेब, जुनं सागवान आहे, हत्ती बांधा." मलाही ते पटायला हवं होतं. याच माडीवर आईच्या वेळी मंगळागौरीला तीस-तीस बायका नाचायच्या, फुगड्या घालायच्या. तेव्हा पडली नाही ती आता दोन माशांनी पडेल?

तरी एका इंजिनिअरला बोलावलं. माझ्या शेवटच्या शाखेतल्या शिपायाची ही मुलगी. तिच्या शिक्षणाच्या कर्जावर माझीच सही होती. तिला मी मंगळागौर सांगितली. ती हसली. "काका, त्या बायका पहाटे घरी गेल्या. ही टाकी जाणार नाही."

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. लाकूड घटकाभराचं मोठं ओझं पेलतं आणि ओझं उतरलं की बरंचसं पूर्ववत होतं. पण तेच ओझं वर्षानुवर्षं राहिलं तर ते थोडं थोडं वाकत जातं आणि तो वाक मग जात नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मंगळागौर हे चालू खातं आणि टाकी ही मुदत ठेव, तीही मुदत न संपणारी. दुसरं असं की ओझं कडीच्या मधोमध ठेवलं तर ती जास्त वाकते, टेकलेल्या टोकाजवळ ठेवलं तर कमी. म्हणून टाकी भिंतीलगत हवी, आणि कड्यांना आडवी. आमच्या कड्या फूटभर अंतरानं आहेत, आडव्या टाकीचं वजन पाच जणींत वाटलं जाईल. कड्यांच्या दिशेनं ठेवली तर सगळा भार दोघींवर. मला वाटलं, झालं, बाहेरच्या भिंतीला लावून आडवी ठेवू.

"पण भिंतीतली टोकं बघायला हवीत," ती म्हणाली. "आणि ती खालूनच दिसतील."

खालून म्हणजे काकूंच्या खोलीतून. काकूंनी पलंगावर चार खांबांना जुनी नऊवारी बांधली होती. मी ती कित्येक वर्षं बघत होतो, देवाला छत बांधावं तशी. मुलीनं विचारलं, "आजी, हे कशाला?"

"माती पडते ना वरून. याला सांगून दमले."

खरं होतं. दर पावसाळ्यात काकू सांगायच्या आणि दर पावसाळ्यात मी 'बघतो' म्हणायचो. भाडं नाममात्र, दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या कितीतरी पट, आणि भाडेकरू तक्रार करतातच, असा माझा मनातला शेरा होता. बँकेत अशा अर्जावर 'नोंद घेतली' असं लिहायचे. नोंद घेतली म्हणजे फाईल बंद.

मुलगी स्टुलावर चढली आणि भिंतीलगतच्या कडीत तिनं स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. शेजारच्या कडीतही तेच, तिसरीतही. बाहेरची पावसाची पन्हळ कधीपासून भिंतीत झिरपत होती, आणि ओल धरून त्या तीन कड्यांची भिंतीतली टोकं कुजली होती. वरचे पाट आणि शेजारच्या कड्या यांनी त्यांना कसंबसं धरून ठेवलं होतं. जी जागा मी टाकीसाठी हिशेबानं निवडली होती, तीच. आणि तिच्या बरोबर खाली नऊवारीच्या छताखालचा तो पलंग.

मी बराच वेळ काही बोललो नाही. काकूच म्हणाल्या, "बस. चहा टाकते."

त्या रात्री वहिनींना फोन करून टाकीचं जमत नाही असं सांगणं सोपं होतं. बायको म्हणाली, "टाकी आणा, नाहीतर नका आणू. त्या कड्या मात्र उद्याच्या उद्या." तोपर्यंत काकूंनी आमच्याकडे वर राहावं असं सुचवलं. त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून पलंग तेवढा आतल्या खोलीत नेला.

कामाला दोन महिने लागले. आधी पन्हळ बदलली, भिंत वाळू दिली. मग माडीची फरशी उचलली. जुन्या घरात पाटांवर मातीचा थर आणि त्यावर शहाबादी असते. आठ बाय आठच्या त्या तुकड्यातून चार इंच माती आणि फरशी निघाली. मुलीनं आकडा मांडला तेव्हा मी चकित झालो. सव्वा टनाच्या वर! टाकीहून दीडपट ओझं आम्ही पिढ्यान् पिढ्या पायांखाली बाळगत होतो. तिथं आता जाड प्लायवूड आहे. कड्यांची कुजकी टोकं कापून नव्या सागाचे जोड बोल्टांनी बसवले आणि भिंतीपासून फूटभर आत, कड्यांखालून एक लोखंडी गर्डर टाकला. त्याचं एक टोक आडभिंतीत दगडी उशीवर, दुसरं एका नव्या लोखंडी खांबावर.

खांब काकूंच्या खोलीत येणार, म्हणून जागा त्यांना विचारून ठरवायची होती. नकाशावर तो देव्हाऱ्यासमोर येत होता. "तिथं नको. पूजेला बसले की आड येईल," काकू म्हणाल्या. मुलीनं पुन्हा आकडे मांडले, गर्डर एक नंबर जाड घेतला आणि खांब दीड फूट सरकवला. खर्च वाढला. मी काही बोलायच्या परिस्थितीत नव्हतो.

खांबाच्या पायासाठी तीन फूट खणलं. फरशीखाली हातभर गेल्यावर काळसर, मऊ गाळाचा थर लागला. काकूंनी खुर्चीतून वाकून बघितलं. "हा पानशेतचा," त्या म्हणाल्या. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. काकूंनी मला कडेवर घेऊन माडी गाठली होती, असं आई सांगायची. पाणी उतरल्यावर गाळ पूर्ण न काढताच वर फरशी घातली गेली असावी. तो सगळा उपसून, खाली कडक मुरूम लागल्यावर काँक्रीट भरलं.

"तेव्हा पाणी खालून आलं होतं, बाळ. आता तू वरून आणतोयस," काकू म्हणाल्या आणि खूप हसल्या. बासष्ट-त्रेसष्टच्या माणसाला बाळ म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

टाकी एकदम भरली नाही. खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून दोरा बांधला, कडी आणि दोरा यांतलं अंतर मोजलं. मग रोज पाव टाकी पाणी. चौथ्या दिवशी टाकी भरली, आणखी आठवडा थांबलो. कडी अडीच मिलिमीटर उतरली. मुलीचा अंदाज तीनचा होता. त्यानंतर मत्स्यदुकानातून ऑस्कर आणले. पहिले दोन दिवस ते कोपऱ्यात रुसून बसले. तिसऱ्या दिवशी मी झाकण उचललं आणि मोठ्यानं माझ्या हातातला दाणा झडप घालून घेतला. वहिनींना फोन लावला, पण बोलता येईना, म्हणून बायकोनं सांगितलं.

पंपाची घरघर गर्डरमधून खांबात उतरते. काकूंना ती ऐकू येते. रबराच्या चकत्या घातल्या, तरी थोडी राहिलीच. रात्री बंद करू का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "मासे गुदमरतील ना?" नव्या खांबाला खिळा लागत नाही, म्हणून त्यांनी दोरीनं कालनिर्णय बांधलंय आणि दुधाचा हिशेब त्याच्यावर लिहितात. पलंग पुन्हा जागेवर आलाय. माती पडायची थांबून दुसरा पावसाळा गेला.

नऊवारी अजून चार खांबांना बांधलेली आहे. काढू का, असं मी दोनदा विचारलं. "असू दे," म्हणतात.