मुलांची नजर आणि दिवसाचा उजेड

आपल्या समाजाच्या गुणगौरव समारंभात बक्षीस घेण्यास व्यासपीठावर येणाऱ्या मुलांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन लक्षात येते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या समारंभांची छायाचित्रे काढून पाहावीत; त्यांत चष्मा दिसतो तो बहुधा अध्यक्षांच्या नाकावर. आज तो चौथी-पाचवीतील मुलामुलींच्या नाकावर दिसतो. शाळकरी मुलांच्या प्रकृतिमानात जे पालट झाले त्यांपैकी हा अगदी आपल्या डोळ्यांदेखत झालेला आहे. त्याविषयी घराघरांत इतके गैरसमज आहेत की, त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आजोबांचा चष्मा आणि नातवाचा चष्मा यांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. चाळिशी लागते ती वयोमानाने डोळ्यातील भिंग ताठर होते म्हणून. आजोबांना चष्मा लागतो तो जमाखर्चाची वही वाचण्यास. नातवाला वही स्वच्छ दिसते, परंतु वर्गातील फळा दिसत नाही. यास लघुदृष्टी म्हणतात. चष्म्याच्या दुकानी यालाच 'मायनस नंबर' असे नाव आहे. येथे बहुधा बुबुळाचा वा भिंगाचा दोष नसतो, तर नेत्रगोल वाजवीपेक्षा लांब वाढलेला असतो. प्रौढ माणसाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. वाढीच्या वयात तो एखादा मिलिमीटर अधिक लांबला तरी अडीच-तीन नंबर चढतो, आणि एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. नंबर सहाच्या पुढे गेला तर उतारवयात पडदा सुटण्याचे भय वाढते. सारांश, हा केवळ काचांच्या खर्चाचा प्रश्न नव्हे.

दिल्लीतील ५ ते १५ वर्षांच्या मुलांची जी पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली, तीत लघुदृष्टीचे प्रमाण शेकडा ७.४ होते. तेथीलच शाळांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते शेकडा १३.१ निघाले. दोन्ही पाहण्या एकमेकींशी तंतोतंत तोलता येणार नाहीत. तरी रोख कोणीकडे आहे हे स्पष्ट आहे. दुसऱ्या पाहणीत खासगी शाळांतील मुलांत हे प्रमाण अधिक आढळले. अन्य पुष्कळ व्याधी दारिद्र्याच्या पाठोपाठ येतात. ही मात्र सुस्थितीतील घरे शोधीत येते. आपली बहुतेक मुले कोणत्या शाळांत जातात हे सांगावयास नको.

आनुवंशिकता आहे, हे खरे. परंतु एका पिढीत रक्त बदलत नाही. बदलली ती दिनचर्या. पुस्तक व भ्रमणध्वनी यांवर तासन्‌तास खिळलेली नजर हे एक कारण. दुसरे, आणि आमच्या मते अधिक दुर्लक्षित कारण म्हणजे दिवसाच्या उजेडाचा अभाव. दिवे लावलेल्या खोलीत साधारण तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार भरतो, आणि भर उन्हात लाखापर्यंत जातो. या प्रखर उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते व ते नेत्रगोलाच्या लांबीस आवर घालते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

चीनमधील ग्वांगझौ शहरी बारा शाळांत याचा पडताळा घेण्यात आला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांस रोज ४० मिनिटे अधिक बाहेर ठेवले. उरलेल्या सहांत नित्यक्रम चालू ठेविला. तीन वर्षांनी पहिल्या गटात शेकडा ३०.४, तर दुसऱ्यात शेकडा ३९.५ मुलांस नव्याने लघुदृष्टी जडली. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तैवानने तर २०१० पासून रोज दोन तास मुलांस उघड्यावर ठेवण्याचा उपक्रम शाळाशाळांतून सुरू केला. एक मात्र सांगितले पाहिजे : उजेडाचा गुण मुख्यतः नंबर लागण्यापूर्वी येतो, लागलेला नंबर त्याने उतरत नाही.

आता आपल्या घरांचे पाहू. पाच वाजता शाळा सुटते, लगेच शिकवणी. ज्या घरी चौविहार पाळला जातो तेथे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावयाचे, आणि मार्गशीर्षात आमच्या बेळगावकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मग मूल अंगणात खेळणार केव्हा? यात दोष चौविहाराचा नाही, शिकवणीचा आहे. ती दिवेलागणीनंतर ठेवता येते. खेळ तेव्हा ठेवता येत नाही. सकाळी मुलास गाडीवर बसवून मंदिरात नेण्याऐवजी पायी नेले, तर दर्शनही घडते आणि अर्धा तास उजेडही मिळतो. आपल्या मंगल कार्यालयांची आवारे लग्नतिथी सोडून वर्षभर कुलूपबंद असतात, तीही मुलांस संध्याकाळी मोकळी करता येतील.

चष्म्याविषयी दोन शब्द. 'वापरला नाही तर नंबर वाढत नाही' ही समजूत निराधार आहे. मुलीच्या बाबतीत तर सोयरिकीच्या विचाराने चष्मा टाळणारी घरे आम्ही पाहिली आहेत. आमच्याच कुटुंबातील एका मुलावर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो असा ठपका आला, दोनदा शिक्षाही झाली. उंच म्हणून त्यास शेवटच्या बाकावर बसविले होते. फळ्यावरील एक अक्षर त्यास दिसत नव्हते. हे उलगडण्यास आम्हां वडीलधाऱ्यांस वर्ष लागले. मूल स्वतः सांगत नाही, कारण सर्वांना जग असेच धूसर दिसते अशी त्याची समजूत असते.

डोळे तपासणे नेत्रवैद्याचे काम. नंबर वेगाने चढत असल्यास सौम्य अॅट्रोपीनचे थेंब द्यावयाचे की नाही हेही त्यानेच ठरवावे. परंतु पहिली शंका घरी येऊ शकते. दिवाळीत आपण एकमेकांस दिनदर्शिका वाटतो, त्यांतील एक दिवाणखान्याच्या टोकाच्या भिंतीवर लावावी. मुलास दुसऱ्या टोकाशी उभे करून एक डोळा तळहाताने, न दाबता, झाकावयास सांगावा व तारखा वाचवून घ्याव्यात. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवून घेतलेल्या परीक्षेत अधू डोळा चांगल्या डोळ्याआड लपून जातो. ज्या तारखा थोरल्या भावंडास वाचता येतात व धाकट्यास येत नाहीत, तेथे त्याच आठवड्यात नेत्रवैद्याकडे जावे.