खडकीचा धनराज : तुटक्या काठीपासून परमुलखापर्यंत



पेरणी, खत, बोंडअळी आणि दूधदुभते यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळ्या पिकाविषयी बोलू. हे पीक शेतात येत नाही, घरात येते. घरातले एखादे पोर वाऱ्यासारखे पळते, शाळेच्या संघात पहिले नाव त्याचे असते, तालुक्याला जाऊन ढाल घेऊन येते. आईला कौतुक वाटते. बापाला मात्र घोर लागतो. कोरडवाहू पाच एकर, त्यात कपाशी आणि तूर. पोर खेळात रमले तर अभ्यास बुडेल, आणि शेतातला एक हातही कमी होईल. "खेळून का पोट भरते, साहेब?" हा प्रश्न आर्वीकडच्या गावात ऐकला, समुद्रपूरकडच्या गावातही ऐकला. प्रश्न रास्त आहे. त्याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणे बरे नव्हे. त्यापेक्षा एका माणसाची हकीकत नीट पाहावी आणि ज्याने त्याने आपल्या घरापुरते ठरवावे.

युरोपात फुटबॉलचे आघाडीचे खेळाडू आज एका गावच्या क्लबाकडून, तर उद्या दुसऱ्याच देशाच्या क्लबाकडून खेळतात. गोल करणाऱ्याला सगळीकडून बोलावणे येते. आपल्या महाराष्ट्रातही असा एक फिरस्ता आघाडीवीर होऊन गेला. खेळ फुटबॉलचा नव्हता, हॉकीचा होता. त्यांचे नाव धनराज पिल्ले.

फॅक्टरीच्या वसाहतीतले घर

धनराज यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळच्या खडकीत झाला. घराणे मूळचे तमिळ, पण वाढले पुण्याच्या मातीत. खडकीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. वडील नागलिंगम त्या कारखान्याच्या मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. मैदान झाडायचे, सारखे करायचे, राखायचे, असे ते काम. राहायला कारखान्याच्या वसाहतीतले घर. पदरी पाच मुलगे. पगार बेताचा आणि खाणारी तोंडे जास्त, म्हणजे घरची स्थिती काय असेल ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

या घरात हॉकीची नवी काठी विकत आणणे म्हणजे चैनच. मुले मोडक्या काठ्यांनी खेळत. मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेले चेंडू हाच त्यांचा खजिना. मैदानही मऊ आणि चिकट. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत पाय रुततो तेव्हा बैलाचीसुद्धा चाल मंदावते. तशा मातीत पळायचे, आणि चेंडूही काठीच्या टोकावर ठेवायचा, हे सोपे नव्हे. त्या काळी मोहम्मद शाहीद या भारतीय आघाडीवीराचे नाव गाजत होते. धनराज त्याची नक्कल करत करत शिकले.

आई अंडालम्मा यांचे श्रेय इथेच सांगितले पाहिजे. घरात चणचण असतानाही त्यांनी मुलांना खेळापासून तोडले नाही, उलट उत्तेजन दिले. ज्या घरात आई पाठीशी असते त्या घरातले पोर पडले तरी उठते, हे आपणही पाहतोच.

थोरल्या भावाचे बोट

गुण अंगात असणे वेगळे आणि त्या गुणाला वाट सापडणे वेगळे. बियाणे उत्तम असले तरी वेळेवर ओल मिळाली नाही तर ते कुजते. धनराज यांना ही ओल मिळाली ती थोरला भाऊ रमेश यांच्यामुळे. रमेश स्वतः भारताकडून खेळलेले. मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीच्या संघातून ते खेळत. ही खताची कंपनी आपल्याला चांगलीच परिचयाची. १९८०च्या दशकाच्या मध्याला त्यांनी धाकट्या भावाला मुंबईला बोलावून घेतले. कुठे उभे राहायचे, कधी धावायचे, चेंडू कधी सोडायचा, हे सारे त्यांनी दाखवले. पुढे धनराज महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या संघात आले. तिथे ज्योकिम कार्व्हालो यांच्यासारखे जाणते प्रशिक्षक लाभले.

त्या काळी खेळाडूला आधार असे तो अशा कंपन्यांचा, रेल्वेचा, बँकांचा आणि विमान कंपन्यांचा. खेळाच्या जोरावर नोकरी मिळे आणि महिन्याला पगार येई. धनराज यांनीही पुढे इंडियन एअरलाइन्सकडून हॉकी खेळली. म्हणजे 'खेळून पोट भरते का' या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, नुसत्या खेळाने भरेलच असे नाही. पण खेळातून नोकरी मिळाली तर चूल पेटती राहते. धनराज यांची चूल आधी पेटली, कीर्ती नंतर आली. हा क्रम ध्यानात ठेवावा.

१९८९ साली दिल्लीतल्या आशिया करंडक स्पर्धेत ते पहिल्यांदा भारताकडून खेळले. तेव्हा वय एकवीस.

माती जाऊन गालिचा आला

धनराज यांची थोरवी समजायची तर त्यांच्या काळातली हॉकीची दशा थोडी ठाऊक हवी. १९२८ पासून १९५६ पर्यंत ऑलिंपिकच्या लागोपाठ सहा स्पर्धांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते. मग १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम गवताचे मैदान आले. खाली अगदी सपाट पाया आणि वर धाग्यांचा गालिचा. त्यावर पाणी मारले की चेंडू सुळकन सरकतो. मातीच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडतो, वळतो. तिथे हातचलाखीला मोल असते. गालिच्यावर वेग आणि दम यांना मोल आले. असे मैदान घालायला पैसा फार लागतो. श्रीमंत देशांत ती भराभर झाली, आपली मुले मात्र मातीतच शिकत राहिली. त्या माँट्रियलला भारत सातव्या क्रमांकावर घसरला. १९८० साली मॉस्कोला सुवर्ण मिळाले, पण तिथे बऱ्याच बलवान देशांनी बहिष्कार घातला होता. त्यानंतर पदक मिळायला २०२१ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे विहिरीला मोटेऐवजी विजेचा पंप आला तेव्हा ज्याच्या रानात वीज पोचली तो पुढे गेला, बाकीचे मागे राहिले. हॉकीचेही तसेच झाले. अशा पडत्या काळात धनराज आले. हात मातीवर तयार झालेले आणि पाय गालिच्याला पुरून उरणारे. एकदा चेंडू घेऊन निघाले की बचाव करणारा मागून धावतच राही. १९९४ साली सिडनीच्या विश्वचषकानंतर जगातल्या निवडक खेळाडूंचा संघ जाहीर झाला. त्यात भारताचे एकच नाव होते, ते धनराज यांचे.

परमुलखातले हंगाम

आता त्यांच्या प्रवासाची गोष्ट. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधला लियाँचा क्लब, जर्मनीतला स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले बँक सिंपानन नॅशनल आणि टेलिकॉम मलेशिया हे दोन संघ, बांगलादेशातला अबाहानी आणि हाँगकाँगचा खालसा क्लब. या साऱ्यांकडून ते खेळले. यादी वाचताना गंमत वाटते. पण घरदार सोडून परक्या मुलखात राहायचे, भाषा वेगळी, जेवण वेगळे, हवा गारठ्याची. आणि मैदानावर उतरले की 'बाहेरून आणलेला खेळाडू' म्हणून सगळ्यांच्या नजरा आपल्यावर. गावच्या पोराने चूक केली तर चालते, पैसे मोजून बोलावलेल्याने केली तर चालत नाही.

मराठवाड्यातली ऊसतोडीची टोळी दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडते. खेळाडूचे परदेशी जाणेही एका अर्थी हंगामीच. अंगात ताकद आहे तोवर बोलावणे, ताकद सरली की बोलावणे बंद. फरक इतका की धनराज परमुलखात जात ते मानाने, आणि तिथल्या वेगवान मैदानांवर खेळून परतताना काहीतरी नवे शिकून येत. देशाची हाक आली की मात्र अंगावर भारताचाच सदरा.

डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात ते भारताकडून ३३९ सामने खेळले. वर्षाला सरासरी तेवीस पडतात. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स करंडक स्पर्धा त्यांनी पाहिल्या. त्यांनी गोल किती केले? सुमारे १७० असे सांगतात. 'सांगतात' असे म्हणायचे कारण, त्या काळच्या हॉकी महासंघाने गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही. पंधरा वर्षे एका माणसाने देशासाठी राबावे आणि त्याच्या कामाची वही नसावी, ही गोष्ट मनाला लागते.

मान आणि मनस्ताप

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराज भारताचे कर्णधार होते. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी झाला. बरोबरी सुटेना, तेव्हा पेनल्टी स्ट्रोकवर निकाल लागला आणि भारत जिंकला. १९६६ नंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी, आशियाई स्पर्धेचे हॉकीतले सुवर्ण घरी आले. आपल्या संघातर्फे त्या स्पर्धेत सर्वाधिक गोलही धनराज यांचेच होते.

एवढा पराक्रम करून आलेल्या संघाचे काय झाले? धनराज आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडूंना पुढच्या संघातून वगळण्यात आले. कारण सांगितले 'विश्रांती'. पण त्याच वर्षी परदेश दौऱ्यांचे भत्ते मिळाले नाहीत म्हणून धनराज यांनी उघड तक्रार केली होती, आणि त्याचाच हा राग, असे लोक उघड बोलत. आपल्या घामाचा पैसा मागणे हा गुन्हा नव्हे. चुकाऱ्यासाठी महिनोन्महिने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी समजावून सांगायला नको. धनराज पुन्हा संघात आले ते आपल्या खेळाच्या बळावर.

२००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीचे दार अगदी समोर होते. पोलंडविरुद्ध भारत एका गोलाने पुढे होता. शेवटची दोन-एक मिनिटे उरली असताना पोलंडने गोल केला, सामना बरोबरीत सुटला आणि दार बंद झाले. कापूस वेचायला आला आणि त्याच रात्री पाऊस कोसळला, तर घरात जी शांतता पसरते ती आठवावी. धनराज यांना ऑलिंपिकचे पदक अखेरपर्यंत मिळाले नाही. २००३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशिया करंडक मात्र जिंकला. १९९९-२००० सालचा खेलरत्न पुरस्कार आणि पद्मश्री हे मानही त्यांना लाभले. संदीप मिश्रा यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २००७ साली निघाले. त्याच्या नावाचा अर्थ 'अम्मा, मला क्षमा कर' असा आहे. ज्या आईने मोडक्या काठीला नाव ठेवले नाही, तिचीच आठवण सगळ्यात वर राहिली.

आपण यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट. प्रत्येक पळणारे पोर धनराज होत नाही. प्रत्येक बोंडाला टपोरा कापूस थोडाच लागतो? म्हणून शाळा सोडायची नाही. दहावी-बारावी झालीच पाहिजे, कारण खेळाच्या जागेवर नोकरी लागायची तरी शिक्षणाची अट असतेच.

दुसरी. साधने नाहीत म्हणून मुलाला अडवू नका. मोडकी काठी पुरते. घरातला एखादा जाणता माणूस पाठीशी आहे की नाही, हे मात्र फार महत्त्वाचे. रमेश यांनी जे धाकट्या भावासाठी केले ते काका, मामा, मोठी बहीण किंवा शाळेतले गुरुजीही करू शकतात. मुलींच्या बाबतीतही हेच. मुलगी पळते म्हणून तिला उंबऱ्याआत ओढू नका.

तिसरी. चौकशी करा. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. तिथे निवडलेल्या मुलांना राहणे, शिक्षण आणि सराव एकत्र मिळतो. निवड लहान वयातच होते, तेव्हा मूल सोळा-सतरा वर्षांचे होईपर्यंत वाट पाहू नका. वर्ध्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

चौथी, आणि हिच्याकडे घरोघरी दुर्लक्ष होते. मुलाची प्रमाणपत्रे जपा. राज्य शासनाच्या नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. तिथे प्रत्येक सामन्याचा कागद मागतात. धनराज यांच्या गोलांची वही कोणी ठेवली नाही, तरी त्यांचे नाव राहिले. आपल्या पोराचे तसे होणार नाही. सातबारा जिथे ठेवता त्याच पेटीत ही प्रमाणपत्रेही ठेवा.

पाचवी. शरीराचा हंगाम छोटा असतो. धनराज छत्तीसाव्या वर्षापर्यंत देशासाठी खेळले, हे अपवादात्मकच. त्या काळात मिळालेल्या पैशातून पुढची तरतूद करायला मुलाला शिकवा. खेळ थांबल्यावर धनराज यांनी मुंबईत मुलांना हॉकी शिकवण्याची अकादमी उभी केली. हंगाम संपला की चांगला शेतकरी बियाणे राखून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा यंदा शाळेच्या संघात आपल्या घरचे पोर निवडले गेले तर त्याला एकदम गप्प बसवू नका. एखाद्या दिवशी डवरणी उरकून सामना पाहायला जा. ते किती जोरात पळते एवढेच पाहू नका. हरल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानावर जाते की नाही, तेही पाहा. जात असेल तर घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून त्याचा विचार करायला हरकत नाही.