मत्स्यपेटीचा नवा पंप

घरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीचा पंप बंद पडला, की काचेआडच्या त्या लहानशा समुद्राचा श्वासच कोंडतो. तितक्याच तापमानाच्या गोड्या पाण्याहून खाऱ्या पाण्यात प्राणवायू सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो. म्हणून ते सतत हलते राहावे लागते. साहजिकच नवा पंप घाईने घेतला जातो आणि केवळ खोक्यावरचा आकडा पाहिला जातो. वस्तुतः तो आकडा पाणी मुळीच वर चढवावे न लागता मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो. पेटीखालच्या टाकीतून पाणी जितके उंच न्यावे, तितका प्रवाह घटतो. २०० लिटरच्या पेटीतील पाणी तासाला पाच वेळा फिरवायचे, तर १००० लिटर हवेत; परंतु ते दीड मीटर उंचीवर मिळतील काय, हे पंपासोबतच्या तक्त्यात पाहावे. दुसरी कसोटी धातूची. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते. तांब्याचा अल्प अंशही कोळंबी व प्रवाळ यांना विषासमान ठरतो. तेव्हा पाण्याला लागणारे भाग प्लॅस्टिकचे व आस सिरॅमिकचा असावा. जुना पंपही लगेच टाकू नये. व्हिनेगरमध्ये भिजवून, चुन्याचा थर काढून, स्वच्छ धुतल्यास तो पुष्कळदा पुन्हा फिरू लागतो. आणि ऐन रात्री नवा पंप थांबला, तर पेटीतील जीव तोच वाचवतो.