ही लस अजून औषध नव्हे

गेल्या पंधरवड्यात बेळगावनजीकच्या एका खेड्यातील वृद्ध माता आम्हांस भेटावयास आली. तिची कन्या अमेरिकेत परिचारिका आहे. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार हे सारे दिव्य पार करून ती आता बरी आहे. रोग उलटू नये म्हणून एका नव्या लशीचे परीक्षण चालू आहे, त्यात भाग घेणार काय, असे डॉक्टरांनी तिला विचारले आहे. कन्येने हे आईस कळविले, आणि आई आम्हांस म्हणाली, "फादर, लस ती लसच ना? देवीची लस टोचली आणि देवी गेली. मग ही पोर विचार कसला करीत बसली आहे? घे म्हणून तुम्हीच सांगा तिला."

तिला आम्ही जे सांगितले तेच येथे मांडीत आहोत. कारण हा प्रश्न उद्या कोणाच्याही उंबरठ्यावर येऊ शकतो.

देवीची लस निरोगी माणसास रोग होण्यापूर्वी देत असत. ही लस रोगातून उठलेल्या स्त्रीस देतात. सर्व उपचार झाल्यावरही एखादी रोगट पेशी शरीरात दडून राहण्याचा संभव असतो. अशा पेशींवर आढळणाऱ्या प्रथिनाचा लहानसा अंश टोचून रक्तातील पांढऱ्या पेशींना शत्रूची खूण पटवून द्यावी, म्हणजे दडलेला शत्रू डोके वर काढताच त्या त्याचा नाश करतील, अशी ही कल्पना आहे. कल्पना सुंदर आहे; परंतु कल्पना सुंदर असणे निराळे आणि ती खरी ठरणे निराळे. स्तनाच्या कर्करोगावरील एकही लस आजवर नेहमीचा उपचार म्हणून मान्य झालेली नाही.

याचे एक बोलके उदाहरण आहे. ई-७५ नावाच्या लशीचा प्रारंभी १८७ स्त्रियांमध्ये अभ्यास झाला. पाच वर्षांअखेर लस घेतलेल्यांपैकी शेकडा ८९.७, तर न घेतलेल्यांपैकी शेकडा ८०.२ जणी रोगमुक्त होत्या. साहजिकच मोठी आशा वाटू लागली. परंतु हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, शरीराच्या जन्मजात घडणीवरून पाडलेले होते. म्हणून तुलना पुरती निर्दोष नव्हती. पुढे ७५८ स्त्रियांचे मोठे परीक्षण झाले. एका गटास लस व तिच्या जोडीचे साहाय्यक औषध, दुसऱ्यास केवळ ते साहाय्यक औषध. कोणास काय मिळाले, हे ना रुग्णास ठाऊक ना डॉक्टरांस. सहा महिने दरमहा आणि नंतर दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावयाचे होते. २०१६ साली मध्यंतरी हिशेब पाहिला, तेव्हा लशीचा लाभ दिसून आला नाही, आणि परीक्षण थांबविण्यात आले.

मग त्या स्त्रियांचे श्रम फुकट गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या पुढे आल्या नसत्या, तर पहिल्या आशेवर विसंबून कितीतरी घरांनी त्या लशीसाठी कर्ज काढले असते. आज जी औषधे आपल्या भगिनींचे प्राण वाचवितात, तीही अशाच अनोळखी स्त्रियांनी दिलेल्या होकाराचे फळ आहेत.

शोध थांबलेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने आणखी एका लशीचे परीक्षण आरंभिले. आई अंगावर पाजीत असताना दुधात उतरणारे एक प्रथिन एका उग्र प्रकारच्या स्तनकर्करोगातही आढळते. त्यावर ही लस रोख धरते. लस घेतलेल्यांपैकी शेकडा सत्तरांहून अधिक स्त्रियांच्या शरीराने तिला प्रतिसाद दिला. परंतु ही पहिली पायरी. लस सोसते काय आणि किती द्यावी, एवढेच या पायरीवर पाहतात. रोग परतणे थांबते काय, याचे उत्तर पुढच्या पायऱ्यांवर मिळावयाचे असते.

म्हणून होकार देण्यापूर्वी हे प्रश्न विचारावेत. परीक्षण कितव्या पायरीवर आहे? लस नसलेल्या गटात आपली चिठ्ठी निघू शकते काय? चालू गोळ्या व औषधे थांबणार तर नाहीत? खेपा किती, तपासण्या किती, खर्च कोणाचा? इजा झाल्यास जबाबदारी कोणाची? या परीक्षणात गेल्याने पुढे दुसऱ्या परीक्षणाचे दार बंद होते काय?

आपल्या देशात अशा परीक्षणांस २०१९ चे नियम लागू आहेत. नीतिसमितीची मान्यता आणि रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती देऊन घेतलेली लेखी संमती आवश्यक आहे. परीक्षणामुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व भरपाई यांची तरतूद आहे. कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडण्याची मुभा आहे, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांस बाध येत नाही. न वाचता अंगठा उठवू नये.

आणि शेवटची गोष्ट. होकार देणे हे पुढील पिढीस दिलेले दान आहे. परंतु दान मागून घेता येत नाही. थकलेल्या देहाने नकार दिला, तर तो दोष नव्हे. निर्णय त्या स्त्रीचाच; पतीचा नव्हे, आईचा नव्हे, आणि फादरांचाही नव्हे.

हे ऐकून ती माता बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तर मग घे म्हणून सांगत नाही. ते प्रश्न तेवढे कागदावर लिहून द्या. आज रात्री तिला वाचून दाखविते."

आम्ही ते लिहून दिले.