एका क्षणाचे रणांगण

दिवाळीच्या सुटीत मुलांनी अंगणात दगडमातीचा किल्ला रचावा, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवावी आणि बुरुजाबुरुजांवर मातीचे मावळे उभे करावेत, ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. हा किल्ला प्रतीकरूप असतो. म्हणूनच सिंहासनावरील महाराजांची मूर्ती महाद्वारापेक्षा उंच असली तरी कोणाच्या डोळ्यांना ते खटकत नाही. या किल्ल्याचे प्रौढ भावंड म्हणावे अशी एक कला जगभर छंद म्हणून जोपासली जाते. ती म्हणजे लष्करी डायोरामा. मात्र येथे प्रतीकावर भागत नाही. डायोरामात एखाद्या युद्धातील नेमका एक क्षण, नेमक्या प्रमाणात, जसा घडला तसा उभा करावयाचा असतो.

‘डायोरामा’ हा शब्द मूळचा रंगमंचीय आहे. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेर याने १८२२ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह पॅरिस येथे भव्य पडद्यांवरील चित्रांचा एक खेळ सुरू केला. प्रकाश बदलला की चित्रातील देखावाही पालटत असे. त्या खेळाचे नाव डायोरामा. पुढे हा शब्द लहान आकाराच्या त्रिमिती देखाव्यांना लागू झाला. आज बाजारात सैनिक, रणगाडे आणि इमारती यांचे तयार संच मिळतात. परंतु संच न वापरता पत्रा, लाकूड, प्लास्टिक, माती यांतून प्रत्येक वस्तू मुळापासून घडविली, तर अशा कृतीस ‘स्क्रॅच-बिल्ट’ म्हणतात. श्रम अधिक, पण समाधानही अधिक, असा हा मार्ग आहे.

सिबर्नचे वॉटर्लू

या कलेतील एक विलक्षण उदाहरण लंडनच्या चेल्सी भागातील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये पाहावयास मिळते. १८ जून १८१५ रोजी झालेल्या वॉटर्लूच्या लढाईची ही प्रतिकृती ब्रिटिश सैन्यातील अधिकारी विल्यम सिबर्न यांनी घडविली. सिबर्न स्वतः त्या लढाईत नव्हते. भूमापन आणि नकाशारेखन हा त्यांचा विषय होता व त्यावर त्यांनी पुस्तकेही लिहिली होती. १८३० मध्ये त्यांच्यावर ही कामगिरी सोपविण्यात आली. त्यांनी थेट रणभूमी गाठली, तेथील ला ए सँत या शेतवाडीत मुक्काम केला आणि सुमारे आठ महिने तो परिसर मोजून काढला.

हे काम वाटते तितके सरळ नव्हते. लढाईच्या स्मरणार्थ तेथे मातीची प्रचंड टेकडी रचून तिच्यावर सिंहाचा पुतळा बसविण्यात आला होता. ती टेकडी १८२६ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्यासाठी लागणारी माती रणभूमीवरूनच उचलण्यात आली. ज्या उंचवट्याच्या आधाराने वेलिंग्टनचे सैन्य लढले, त्याचे रूपच त्यामुळे काही ठिकाणी बदलून गेले होते. अर्थात डोळ्यांसमोर दिसणारी जमीन आणि १८१५ ची जमीन यांतील अंतर सिबर्न यांना ध्यानात घ्यावे लागले.

जमिनीचे मोजमाप झाले, तरी तिच्यावर माणसे कोठे आणि कशी उभी होती, हा प्रश्न उरलाच. सिबर्न यांनी देखाव्यासाठी सायंकाळी सातच्या सुमाराची वेळ निवडली. नेपोलियनचे राखीव शाही रक्षकदल शेवटचा हल्ला चढवीत होते, ती ही वेळ. त्यांनी लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठविली. त्या क्षणी आपली तुकडी कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कसा उभा होता, हे त्यांनी विचारले आणि सोबतच्या नकाशावर ते रेखून देण्याची विनंती केली. शेतात कोणते पीक उभे होते, याचीही चौकशी त्यांनी केली. शेकडो उत्तरे आली. वीस वर्षांपूर्वीच्या एका सायंकाळची ही साक्षच होती.

निष्ठेची किंमत

इतक्या काटेकोरपणाला वेळ आणि पैसा लागतो. १८३३ मध्ये सरकारने आर्थिक साहाय्य थांबविले. सिबर्न यांनी स्वतःचा आणि उसनवारीचा पैसा घालून काम पुढे रेटले. खर्च सुमारे तीन हजार पौंडांवर गेला. अखेर १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ही प्रतिकृती लोकांसमोर आली. एक शिलिंग शुल्क देऊन सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली, असे सांगितले जाते. एक लाख शिलिंग म्हणजे पाच हजार पौंड. कागदावर हा व्यवहार फायद्याचा दिसतो. परंतु प्रदर्शनाचा खर्च वजा जाता सिबर्न यांच्या हाती कर्ज फिटण्याइतकीही रक्कम पडली नाही.

दुसरा प्रश्न पैशाहून अवघड होता. सातच्या सुमारास ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य रणभूमीच्या पूर्वेकडील बाजूस येऊन पोहोचले होते. बर्लिनहून मिळविलेल्या माहितीच्या आधारे सिबर्न यांनी ते मोठ्या संख्येने दाखविले. प्रशियनांची आगेकूच वास्तवापेक्षा अधिक दाखविली आहे, असा ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचा आक्षेप होता. प्रशियन जितके पुढे, तितका विजयातील त्यांचा वाटा मोठा, हे उघड होते. अखेर सिबर्न यांनी प्रशियन सैन्याच्या अनेक आकृती काढून घेतल्या. हा बदल नव्या माहितीमुळे झाला की दडपणामुळे, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. सेंटिमीटरभर उंचीच्या शिशा-कथिलाच्या बाहुल्या कोठे ठेवाव्यात, यावरून एवढा वाद व्हावा, यातच डायोरामाचे मर्म आहे. लेखक ‘बहुधा’, ‘सुमारे’ असे शब्द योजून संदिग्धता राखू शकतो. डायोरामा करणाऱ्याला ती सवलत नाही. आकृती एक तर तेथे असते, नाही तर नसते.

प्रमाणाचे गणित

घरी डायोरामा करू पाहणाऱ्याने प्रथम प्रमाण ठरवावे. सिबर्न यांनी एका मैलास नऊ फूट हे प्रमाण घेतले. म्हणजे सुमारे १:५८७. त्या हिशेबाने माणूस जेमतेम तीन मिलिमीटरचा होतो. दुरून पाहणाऱ्याला तो दिसणारच नाही. म्हणून सत्तर हजारांहून अधिक आकृती त्यांनी प्रमाणापेक्षा मोठ्या केल्या. इतका विस्तार दिवाणखान्यात शक्य नाही. छंदिष्टांमध्ये १:७२ आणि १:३५ ही प्रमाणे रूढ आहेत. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १:७२ मध्ये सुमारे २४ मिलिमीटरचा, तर १:३५ मध्ये ५० मिलिमीटरचा होतो. प्रमाण ठरल्यावर तो नियम भिंत, दार, बादली, विटेचा थर अशा प्रत्येक वस्तूला लावावा. तीन मीटर उंचीची भिंत १:७२ मध्ये ४२ मिलिमीटरची होते. दार तिच्याहून उंच झाले, की सारा देखावा खेळण्यासारखा दिसू लागतो.

एक कोपरा, एक क्षण

संपूर्ण रणभूमी करण्याऐवजी तिचा एक कोपरा निवडणे शहाणपणाचे. सिबर्न जेथे राहिले, त्या ला ए सँतचेच उदाहरण घेता येईल. ही शेतवाडी आजही उभी आहे. लढाईच्या दिवशी किंग्ज जर्मन लीजनच्या दुसऱ्या लाइट बटालियनचे सुमारे चारशे सैनिक मेजर गेओर्ग बारिंग यांच्या नेतृत्वाखाली ती लढवीत होते. आदल्या रात्री मुसळधार पावसात थंडीने कुडकुडणाऱ्या सैनिकांनी कोठाराचे दार शेकोटीसाठी जाळले होते. त्यामुळे लढाईत ती बाजू उघडीच राहिली. पुढे फ्रेंचांनी कोठाराला आग लावली. तेव्हा सैनिकांनी स्वयंपाकाच्या पातेल्यांतून अंगणातील तळ्याचे पाणी आणून ती विझविली. अखेर दारूगोळा संपला आणि सायंकाळी वाडी पडली. बारिंग यांच्या वृत्तांतानुसार त्यांच्यासोबत अवघे बेचाळीस जण उरले.

हातात पातेले घेऊन तळ्याकडून कोठाराकडे धावणारे चार-पाच सैनिक, हा एका फुटाच्या पाटावर मावणारा देखावा आहे. वरील प्रत्येक तपशील त्यात काही ना काही ठरवितो. कोठाराला दार लावावयाचे नाही. रिकामी बिजागरी दाखवावी. आदल्या रात्री पाऊस पडलेला असल्याने जमीन धुळीची नव्हे, चिखलाची हवी. पिके उभी नकोत, तुडविलेली हवीत.

घडण

पाट म्हणून जाड प्लायवुड घ्यावे, म्हणजे ओलाव्याने ते वाकत नाही. त्यावर थर्माकोलचे तुकडे चिकटवून उंचसखलपणा आणावा आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्यावा. तो ओला असतानाच पावलांचे ठसे आणि चाकोऱ्या उमटवाव्यात. भिंतीसाठी पातळ प्लास्टिकचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा चालतो. विटांच्या रेषा बोथट सुईने कोराव्यात आणि गिलावा पडलेल्या जागा आधीच आखून घ्याव्यात. तुळया बाल्सा लाकडाच्या कराव्यात. तुडविलेल्या राईच्या पिकासाठी काथ्याचे बारीक तंतू उपयोगी पडतात. तळ्याच्या जागी रंगविलेल्या खळग्यात पारदर्शक चकचकीत व्हार्निशचे पातळ थर, प्रत्येक थर वाळू देऊन, चढवावेत.

माणसे घडविणे सर्वांत कठीण. तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा करून त्याला धावण्याची ढब द्यावी. सांगाड्याचा तोल डोळ्यांना पटला, तरच पुढे जावे. मग दोन भाग मळून तयार होणाऱ्या एम-सीलसारख्या लुकणाचा थर चढवावा. तो काही वेळातच घट्ट होऊ लागत असल्याने एका वेळी थोडाच मळावा. आज पाय, उद्या धड, परवा हात अशा क्रमाने काम केले तर आधीचा भाग बिघडत नाही. लुकण मळताना हातमोजे वापरावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

रंगकाम

प्रथम करड्या अस्तराचा पातळ हात द्यावा. त्याने रंग धरून राहतो आणि घडणीतील दोषही उघडे पडतात. इंग्रजांच्या बाजूचा सैनिक म्हणजे लाल डगला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण बारिंग यांचे सैनिक रायफलधारी होते व त्यांचा डगला गडद हिरवा, पट्टे काळे आणि विजार करडी होती. येथे लाल रंग वापरला, तर घडण कितीही सुबक असली तरी देखावा खोटा ठरेल.

मूळ रंग वाळल्यावर त्याच छटेचा अधिक गडद व पाण्यासारखा पातळ रंग सोडावा. तो चुण्यांत उतरून सावली तयार करतो. नंतर कुंचल्यावरील रंग जवळजवळ पुसून टाकून, उजळ छटेचा कोरडा हात उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. लहान वस्तूवर प्रकाश नैसर्गिकरीत्या पुरेसा खेळत नाही, म्हणून ही छायाप्रकाशाची योजना हाताने करावी लागते. त्या काळी सैनिक कागदी काडतूस दातांनी फाडीत. तेव्हा ओठांभोवती काळी छटा हवी. कोठाराच्या उघड्या दाराभोवती कोळशाची पूड घासून काजळी दाखवावी. सर्वांत शेवटी चिखल. तो बुटांवर दाट, गुडघ्यांशी विरळ आणि खांद्यावर फक्त शिंतोड्यांपुरता असावा. जमिनीवर आणि बुटांवर चिखलाचा एकच रंग वापरला, म्हणजे माणसे पाटावर ठेवलेली न वाटता त्या जमिनीवरची वाटतात.

जे उरले

सिबर्न यांनी १८४४ मध्ये लढाईचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रतिकृतीतून खर्च भरून निघाल्याचे पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १८४९ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १८९१ मध्ये त्यांच्या मुलाने त्या अधिकाऱ्यांच्या निवडक पत्रांचे पुस्तक काढले. मूळ पत्रे आज ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहेत. एक प्रतिकृती अचूक व्हावी म्हणून विचारलेले प्रश्न वॉटर्लूच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरले.

नवोदिताने यातून एक सवय उचलण्याजोगी आहे. डायोरामा करताना एक वही जवळ ठेवावी. कोणता तपशील कोठून मिळाला, कोणता खात्रीचा आणि कोणता तर्काने भरला, याची नोंद तीत करावी. काही महिन्यांनी नवी माहिती हाती आली, तर एखादी आकृती हलवावी लागेल. ती का हलविली, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे.